खंडेनवमीचे बूट

साताऱ्याला माझ्या माहेरी खंडेनवमीला देवघरासमोर पाट मांडतात आणि घरातली सगळी ‘हत्यारं’ त्यावर येतात. दादाचे पाने-पक्कड, वहिनीची शिवणाची कात्री, आईची विळी, आणि वडील होते तोवर त्यांचं शाईचं पेन. प्रत्येकाला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. दारातल्या स्कूटरला हार. हे तुमच्याही घरी होत असेल. आमच्याकडे नवल घडलं ते सहा-सात वर्षांपूर्वी. दादाची मुलगी, माझी भाची, तेव्हा आठवीत होती. आईने पाट मांडता मांडता तिला हाक मारली, “तुझे बूट आण गं.”

“कुठले, आजी?”

“ते खिळ्यांचे. पळायचे.”

दादा ओरडलाच. देवासमोर पायताण! आईने काही उत्तर दिलं नाही. ओल्या फडक्याने बूट पुसले, तळाच्या खिळ्यांत अडकलेली माती हेअरपिनने काढली, जोडी विळीशेजारी ठेवली आणि दोन्ही बुटांना कुंकवाचं बोट लावलं. मग म्हणाली, “सुतार करवत पुजतो, शिंपी मशीन पुजतो. हिचं हत्यार कुठलं? पाय काही पाटावर काढून ठेवता येत नाहीत.”

पोरगी पळायची सुंदर. चारशे मीटर, म्हणजे मैदानाची एक पूर्ण फेरी. पहाटे अजिंक्यताऱ्याच्या चढावर जायची आणि आम्ही चहा पीत असू तोवर परतही यायची. आमच्या घराण्यात बस पकडण्यापलीकडे कोणी कधी पळालेलं नाही. तेव्हा हे पाय आले कुठून, हा प्रश्न सगळ्यांनाच पडायचा. आईपुरता तो सुटला होता. पाय देवाने दिले. दर शनिवारी ती मारुतीला तेल घालताना तेवढंच म्हणायची, पोरीला पाय दिलेस, बरं झालं. पहिला नंबर येऊ दे, असं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेआधी एकदा भाचीनेच सुचवलं होतं, “आजी, नवस बोल ना काहीतरी.” तर म्हणाली, “पायांचं बोलून झालंय माझं. नंबराचं तुझं तू बघ.”

आईची ही कल्पना काही तिची एकटीची नव्हे. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या तालमीत जा. कोल्हापूरची घ्या, सांगलीची घ्या, पुण्याच्या पेठांतली घ्या. शेंदूर लावलेला मारुती असतोच. समर्थ रामदासांनी कृष्णेच्या खोऱ्यात अकरा मारुती बसवले, तेव्हापासून बलोपासना आणि मारुती हे आपल्या मनात एकच होऊन गेलेलं आहे. पैलवान हौद्यात उतरतो तेव्हा आधी वाकून माती कपाळाला लावतो. या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती मळलेली असते, पोराच्या अंगाला लावायच्या उटण्यासारखी. आणि तिथे सगळेच वाकतात. मुसलमान घरातली पोरंही त्याच मातीत लढली आणि तीच माती त्यांनीही कपाळाला लावली.

मारुतीचीच निवड का झाली असावी, याचा मी बरेचदा विचार करते. ताकद तर भीमाकडेही होती. मला वाटतं, त्याचं उत्तर समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या प्रसंगात आहे. लंकेला जायचं कसं, म्हणून सगळे वानर आपापली उडी मोजत बसलेत. कोणी म्हणतो मी इतकी योजनं जाईन, कोणी म्हणतो मी तितकी. हनुमान मात्र बाजूला गप्प. लहानपणी ऋषींच्या शापामुळे त्याला स्वतःच्या ताकदीचा विसर पडलेला आहे. म्हातारा जांबुवंत जवळ येतो आणि आठवण करून देतो, अरे, तू कोण आहेस! आणि मग ते उड्डाण. ताकद जन्मापासूनची, पण ती त्याची त्याला ठाऊक नाही. कोणीतरी येऊन सांगावी लागली. प्रत्येक तालमीतला वस्ताद हा एक जांबुवंतच असतो म्हणा ना.

हे मी मुद्दाम सांगते आहे. कारण खेळाडू आकाशाकडे बघून हात जोडतो, तेव्हा आमच्या घरात हटकून वाद सुरू होतो. आमच्या ‘ह्यांना’ ते आवडत नाही. ह्यांचं म्हणणं, सगळं देवाने दिलं तर मग घाम गाळला तो कोणी? आता ह्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचंच बघा. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी झाली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ताकद देवाने दिली असेल, तिकीट प्राचार्यांनी दिलं. परत आल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि पुढे खाशाबांनी कुस्त्या लढून ते घर सोडवून दिलं. आभार मानायची ही पद्धतही मला कमी पवित्र वाटत नाही.

सचिनचंही तसंच. १९९९ च्या विश्वचषकात वडील गेले म्हणून तो मुंबईला आला आणि अंत्यविधी आटोपून पुन्हा इंग्लंडला गेला. २३ मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध त्याने नाबाद १४० केल्या. शतक झाल्यावर त्याने वर आकाशाकडे पाहिलं, तेव्हा आमच्या घरात टीव्हीसमोर कोणी कोणाकडे बघत नव्हतं. तो देवाकडे बघत होता की वडिलांकडे, हे विचारायची गरजच नव्हती. पण त्याच सचिनच्या यष्टीवर शिवाजी पार्कला आचरेकर सर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. दिवसभरात जो त्याला बाद करील त्याचं ते नाणं. कोणालाच जमलं नाही तर सचिनचं. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली आहेत. वर बघणाऱ्या माणसाच्या खिशात ती नाणी होती, एवढं लक्षात ठेवलं की आमच्या ह्यांचा राग बराच निवळतो.

मला स्वतःला अवघड वाटतं ते वेगळंच. शर्यतीच्या रेषेवर आठजणी उभ्या असतात. उरलेल्या सातजणींच्या आज्यांनीही मारुतीला तेल घातलेलं असतं, किंवा मेणबत्ती लावलेली असते, किंवा दर्ग्यावर चादर चढवलेली असते. पहिली आलेली म्हणते, देवाने मला जिंकवलं. मग सातवी आली तिला काय, देवाने हरवलं? अशा हिशेबात देवाला ओढलं की भलतंच होतं. २२ जून १९८६ ला मेक्सिकोत मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध चक्क हाताने चेंडू आत ढकलला आणि तो गोल अर्धा देवाच्या हाताने झाल्याचं सांगितलं! पठ्ठ्याने त्याच सामन्यात चार मिनिटांनी पाच-सहाजणांना चकवत असा काही गोल केला, की देवाचे आभार मानायचे तर त्या गोलासाठी मानावेत. पण गाजला तो पहिलाच.

म्हणून मला आईचं बरोबर वाटायचं. खंडेनवमी काही निकालाची तिथी नव्हे. पोरगी गेल्या वर्षी पहिली आली असो नाहीतर पाचवी, बुटांना कुंकू लागायचंच. स्नायूंतले वेगाने आखडणारे तंतू कोणात जास्त, कोणात कमी, हे बरंचसं आईबापांकडून, रक्तातून येतं, असं शास्त्र सांगतं. आईला ते तंतू-बिंतू ठाऊक नव्हते. पण जे आपण कमावलेलं नाही त्याबद्दल कोणाला तरी धन्यवाद द्यावेत, हे तिला कळत होतं. हे देणं सातवीकडेही असतं. आठवीकडेही असतं.

हा माझा हिशेब तीन वर्षांपूर्वीपर्यंत अगदी चोख बसत होता.

जुलैचे दिवस. भाची बारावीत. दादाच्या मागे स्कूटरवर बसून क्लासला निघालेली. वळणावर डोंगरावरून वाहून आलेला लाल चिखल पसरला होता. गाडी घसरली. दादाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. तिच्या गुडघ्यावर गाडी पडली. दोन शस्त्रक्रिया झाल्या. चालता येईल, जिने चढता येतील, लग्नात नाचताही येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. स्पर्धेचं मात्र मनातून काढा, म्हणाले. दादाने तेव्हापासून स्कूटरला हात लावलेला नाही. ती तशीच जिन्याखाली उभी आहे.

मी बडोद्याहून गेले तेव्हा ती कॉटवर पाय उशीवर ठेवून पडली होती. त्या आठवड्यातली एक संध्याकाळ मी विसरणार नाही. आई तिच्या शेजारी बसून घेवडा निवडत होती. शनिवार होता. आईने नेहमीच्या सवयीने म्हटलं, “मारुतीला जाऊन येते, तुझ्यासाठी काही मागू का?”

भाचीने छताकडे बघत विचारलं, “आजी, पाय देवाने दिले म्हणायचीस ना तू? मग रस्त्यावरचा चिखल कोणी दिला?”

आईचे हात थांबले. उत्तर तिच्याकडे नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. ती थोड्या वेळाने उठली, देवळात गेली आणि नेहमीपेक्षा उशिरा परत आली. तिथे काय बोलली, ते तिने सांगितलं नाही. त्या वर्षी खंडेनवमीला पाट मांडला, विळी ठेवली, कात्री ठेवली. बुटांचं नाव कोणी काढलं नाही.

आपण मोठी माणसं अशा वेळी जे करतो तेच मी केलं. उदाहरण शोधलं. म्हटलं, “अगं, आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर बघ. सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. तरी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहून सुवर्णपदक आणलं. भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण!”

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आत्या, त्यांना मेडल मिळालं म्हणून तू सांगतेयस. ज्यांना नाही मिळालं त्यांचं सांग.”

सतरा वर्षांच्या पोरीने असं बोलावं! पेटकरांचं मोठेपण त्याने कमी होत नाही, पण माझं उदाहरण मात्र तिथल्या तिथे बाद झालं.

दोन दिवसांनी वेळ जावा म्हणून आम्ही दोघींनी ‘चॅरिअट्स ऑफ फायर’ हा सिनेमा पाहिला. १९८१ चा, चार ऑस्कर मिळवलेला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. समुद्रकिनाऱ्यावर पांढऱ्या कपड्यांत धावणारी मुलं आणि ते संगीत. त्यातला एरिक लिडल हा स्कॉटलंडचा धावपटू. चीनमध्ये धर्मकार्याला गेलेल्या आईबापांच्या पोटी १९०२ साली तिएनत्सिन शहरात जन्मला. एडिंबरो विद्यापीठात शिकत असताना शंभर यार्डात ९.७ सेकंद ही वेळ त्याने १९२३ साली नोंदवली, ती ब्रिटनमध्ये तेवीस वर्षं कोणाला मोडता आली नाही. शिवाय स्कॉटलंडच्या संघातून रग्बी खेळायचा. धावण्याची ढब मात्र अगदी बेंगरूळ. डोकं मागे टाकलेलं, तोंड उघडं, हात वाऱ्यावर. कोणी प्रशिक्षक आपल्या पोरांना ती शिकवणार नाही. माझी भाची तेवढ्या दुखण्यातही हसली, “सर याला मैदानातून हाकलतील.”

त्याची ठाम समजूत होती, की आपला वेग ही देवाची देणगी आहे आणि रविवार हा देवाचा वार. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या प्राथमिक शर्यती रविवारी आल्या. तो धावला नाही. सिनेमात त्याला हे ऐनवेळी बोटीवर चढताना कळतं. खरं तर वेळापत्रक त्याला कितीतरी महिने आधी ठाऊक होतं आणि निर्णयही तेव्हाच झाला होता. रविवारी येणाऱ्या दोन रिले शर्यतीही त्याने सोडल्या. ऑलिंपिकवाल्यांनी समजावलं, वर्तमानपत्रांतून टीका झाली. मला विचाराल तर मी धावले असते, आणि देवानेही काही मनावर घेतलं नसतं, असं मला वाटतं. पण तो मी नव्हे. त्या रविवारी तो पॅरिसमधल्या स्कॉटिश चर्चमध्ये प्रवचन करत होता. शंभर मीटरचं सुवर्ण हॅरल्ड अब्राहम्सला मिळालं. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या एका ज्यू कुटुंबातला हा मुलगा. देवाने बाजू घ्यायची तर कोणाची घ्यावी, तुम्हीच सांगा.

लिडल त्याऐवजी दोनशे आणि चारशे मीटर धावला. दोनशेत कांस्य. चारशेची अंतिम शर्यत ११ जुलैला. सगळ्यांत बाहेरची पट्टी वाट्याला आली होती, म्हणजे बाकीचे पाचही जण मागे, कोण कुठे आहे ते दिसत नाही. त्या काळी सुरुवातीला पाय टेकवायच्या लोखंडी पट्ट्या नव्हत्या. ज्याने त्याने खुरप्याने मातीत खळगे खणायचे. शर्यतीआधी तो प्रत्येकाशी हात मिळवायचा. इथे भाची उठून बसली. चारशे मीटर म्हणजे काय, हे आमच्या घरात तिलाच ठाऊक. लिडलने पहिले दोनशे मीटर असे घेतले, की जणू शर्यत तेवढीच आहे. “मरतोय आता शेवटी,” ती म्हणाली. तो मेला नाही. ४७.६ सेकंद. सुवर्णपदक, आणि जागतिक विक्रम.

सिनेमात त्याच्या तोंडी एक वाक्य आहे. देवाने मला वेग दिला आणि धावताना मला त्याचा आनंद जाणवतो, अशा अर्थाचं. लोक ते त्याचंच म्हणून सांगतात. ते पटकथाकाराने लिहिलेलं आहे. त्याचं स्वतःचं म्हणणं कळायचं तर पुढची वीस वर्षं बघावी लागतात, आणि सिनेमा नेमका तिथेच संपतो.

“मग पुढच्या ऑलिंपिकला?” भाचीने विचारलं.

“गेला नाही. १९२५ सालीच चीनला परतला. शाळामास्तर झाला.”

“धावणं सोडून?”

“सोडून.”

“पाय मोडला होता का?”

“नाही गं. पाय चांगले होते.”

हे तिला काही केल्या पटेना. ज्याचे पाय धड आहेत तो धावणं सोडतोच कसा? म्हणून मग मी लिडलबद्दल जे मिळेल ते वाचून काढलं आणि बडोद्याला परतल्यावर रात्री फोनवर तिला थोडं थोडं सांगत गेले.

तिएनत्सिनच्या शाळेत तो विज्ञान शिकवायचा, मुलांकडून खेळ करून घ्यायचा. १९३४ साली लग्न झालं. जपानचं आक्रमण वाढलं तसं १९४१ मध्ये त्याने गरोदर बायकोला आणि दोन मुलींना कॅनडाला, तिच्या माहेरी पाठवलं. तिसरी मुलगी तिकडे जन्मली. ती त्याला कधीच बघायला मिळाली नाही. १९४३ मध्ये जपान्यांनी त्याला इतर परदेशी लोकांबरोबर शांतुंग प्रांतातल्या वेइशिएनच्या छावणीत डांबलं. भिंतींच्या आत दीड हजारांच्या आसपास माणसं. त्यांत एका निवासी शाळेची मुलंही होती, आईबापांपासून तुटलेली. हा त्यांचा एरिककाका झाला. कोणाला गणित शिकवलं, कोणासाठी पाणी वाहिलं, मोडलेल्या हॉकी स्टिका कापडाच्या पट्ट्या गुंडाळून नीट केल्या, मुलांच्या शर्यती लावल्या.

फक्त रविवारी खेळ नाही. तिथेही तो आपल्या नेमाला चिकटून होता. पण बंद छावणीत रविवारची दुपार पोरांना खायला उठायची. एका रविवारी त्यांनी आपापसात हॉकीचा सामना लावला, पंचाशिवाय. व्हायचं तेच झालं, सामन्याची मारामारी झाली. पुढच्या रविवारी पोरं मैदानात आली तर एरिक लिडल तिथे पंच म्हणून उभा.

ज्या माणसाने ऑलिंपिकच्या सुवर्णपदकासाठी रविवार मोडला नाही, त्याने पोरांची भांडणं मिटावीत म्हणून मोडला. हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी तशीच बसून राहिले. पॅरिसच्या नकाराचा अर्थ मला तेव्हा कुठे नीट लागला. त्याच्या आधी मला तो थोडा हट्टीच वाटला होता. खोटं कशाला बोलू.

आणखी एक. आईबापांपासून दूर असलेल्या तिथल्या एका मुलाला थंडीत घालायला धड पायताण नव्हतं. लिडलने आपले जुने, झिजलेले धावायचे बूट त्याला देऊन टाकले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, २१ फेब्रुवारी १९४५ ला तो गेला. वय त्रेचाळीस. मेंदूत गाठ होती. ती मेल्यावरच कळली. तोवर लोकांना वाटत होतं, कामाने दमलाय. त्याच दिवशी त्याने बायकोला पत्र लिहिलं होतं. छावणी सुटली ती ऑगस्टमध्ये, सहा महिन्यांनी.

हे मी फोनवर सांगितलं तेव्हा भाची बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं लाइन तुटली. मग तिने विचारलं, “त्याला शिट्टी कुठून मिळाली असेल गं तिथे?”

मला ठाऊक नव्हतं. अजूनही नाही.

चिखल कोणी दिला, या प्रश्नाचं उत्तर लिडलच्या गोष्टीत नाही. ते मी तिला प्रामाणिकपणे सांगितलं. मेंदूतली गाठ कोणी दिली, हेही त्यात नाही. सुवर्णपदक मिळवलेले पाय घेऊन हा माणूस पाणी वाहत राहिला, पोरांना धावायला शिकवत राहिला, आणि देणाऱ्यावर रागावल्याचं त्याच्याबद्दल कोणी लिहून ठेवलेलं नाही. माझी भाची मात्र रागावलेली आहे. रागावलेली राहो. आमची आई म्हणते, “ज्याच्याशी बोलणं आहे त्याच्यावरच माणूस रुसतं.”

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी फोन केला. मागे पोरींचा कलकलाट ऐकू येत होता.

“कुठे आहेस गं?”

“ग्राउंडवर. शाळेच्या पोरींची रिले बसवतेय, सरांनी बोलावलं. आत्या, या इतक्या भांडतात! शेवटचा टप्पा मीच धावणार, म्हणून चौघी रडतायत.”

“मग तू काय केलंस?”

“चौघींना एकेक फेरी पळवलं. आता दमून गप्प बसल्यात.”

मी जरा भीतभीतच विचारलं, “आणि तुझे बूट?”

“माळ्यावर आहेत. आजी नवमीला काढते, पुसते, पाटावर ठेवते. मी काही म्हणत नाही.”

“आणि देवळात?”

“गेले होते एकदा. आजीला जिना उतरवत नाही ना आता, तिला धरून न्यावं लागतं.” मग फोन तोंडापासून लांब करून ती कोणावर तरी ओरडली, “ए, बॅटन खाली टाकू नकोस!” आणि मला म्हणाली, “ठेवते हं आत्या, ऊन व्हायच्या आत संपवायचंय.”